चार बोटं ढिली

मला नोकरीला ठेवून घेतलं त्या दिवशी मला कोणी एकही प्रश्न विचारला नाही. जो काय विचारला तो टांगेवाल्याला.

किकवीहून मामा मला टांग्यात घालून भोरला घेऊन आले होते. अंगात नवा लांब कोट, डोक्यावर मामांचीच टोपी, खिशात मॅट्रिकचा दाखला. कचेरीचं नाव मी सांगणार नाही. तिच्यातली निम्मी माणसं अजून हयात आहेत आणि उरलेल्या निम्म्यांचे मुलगे तालमीत जातात. जमिनी मोजायची कचेरी होती, एवढं पुरे. आत शिरस्तेदार बसले होते, म्हणजे सगळ्या कारकुनांचे वरचे कारकून. मे महिन्याची दुपार, आणि गृहस्थाच्या गळ्यात लोकरी मफलर! टेबलावर एक चपटी पितळी डबी. नजर आमच्याकडे नाहीच, आमच्या डोक्यांवरून मागे कुठंतरी.

मामांनी घसा साफ केला. "मुलगा अत्यंत हुशार आणि—"

"तुम्हाला विचारलं नाही," शिरस्तेदार म्हणाले. "तुम्ही मामा. तुम्हाला ते पाठ असणार. तो मागे वळकटी घेऊन कोण उभा आहे?"

तो आमचा टांगेवाला होता. माझी वळकटी खांद्यावर घेऊन आत आला होता आणि ती कुठं टेकवावी याची वाट बघत होता.

"तू सांग. कसा आहे मुलगा?"

टांगेवाला गांगरला. "म्या काय सांगू साहेब? किकवीपासनं हितवर त्वांड मिटलं न्हाई बगा. भुताची येक गोष्ट सांगत व्हता. चढावर घोडं हुबं ऱ्हायलं. म्या हाकतुय, त्ये हालंना. गोष्ट सपली तवा चालाय लागलं."

मामांनी कपाळाला हात लावला. शिरस्तेदारांनी मफलर सारखा केला आणि म्हणाले, "उमेदवार म्हणून राहू दे."

उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. कोणी पेन्शनीत जाईपर्यंत, किंवा त्याच्याही पुढे जाईपर्यंत, दौती भरायच्या, दप्तरं बांधायची आणि आशेवर राहायचं. मी दोन वर्षं राहिलो.

त्या दोन वर्षांत मला कळलं ते असं की टांगेवाल्याला विचारणं ही त्या दिवशीची लहर नव्हती. तो त्यांचा कायदा होता. ज्याचं काम त्याला विचारायचं नाही. शेजारच्याला विचारायचं.

"ज्याचं काम असतं, त्याने उत्तर घोकलेलं असतं," ते म्हणत. "शेजारचा नुसता बघत असतो. बघणाऱ्याला विचारावं."

कचेरीचं छप्पर गळायला लागलं. कौलं शाकारणारा गडी शिडी घेऊन दारात उभा, आणि शिरस्तेदार त्याच्याशी एक अक्षर न बोलता कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या नकलनविसापाशी गेले. हा गृहस्थ नऊ वर्षं त्या कोपऱ्यात कागदांच्या नकला करत बसलेला. त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिलेलं नव्हतं. तो टाक खाली न ठेवता म्हणाला, "वारा तोरण्याकडून असला तर तिसरं कौल गळतं. वारा पडला की पाचवं. श्रावणात दोन्ही." महिन्याभरात कचेरीचं पाऊस मोजायचं काम त्या नकलनविसाकडे गेलं, आणि भोरचे शेतकरी पेरणीच्या आधी त्याच्या खिडकीशी येऊन उभे राहू लागले.

दारावरचा शिपाई हिर्डोशीचा. त्याला शिरस्तेदार विचारायचे, "बाहेर बसलाय तो अर्जदार खरं बोलतो का रे?" शिपाई म्हणायचा, "न्हाई साहेब. हिर्डोशीवरनं चालत आलो म्हनतुया, आन् पायाला तांबडा चिखूल न्हाई." पुढे गावोगाव जाऊन चौकशा करायचं काम त्या शिपायाला मिळालं, आणि त्याच्याशी खोटं बोलायचं तर पाय धुऊन बोलावं लागे.

आता, कायदा म्हटला की तो कधीतरी आपटतोच. कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा शिरस्तेदारांनी घड्याळजी बोलावला नाही. घड्याळाखाली ज्याचा माठ असे त्या पाणक्याला विचारलं. पाणक्याने घड्याळाला ओगराळ्याचा एक दणका दिला. घड्याळ चालू झालं खरं, पण तेव्हापासून ते दुपारी एकला तेरा टोले द्यायचं. शिरस्तेदार तेरा टोले मोजून समाधानाने जेवायला उठत आणि म्हणत, "आधीच्यापेक्षा मेहनती झालंय."

त्या पितळी डबीत लवंगा असत. कोणाचं काम मनास आलं की डबी उघडायची, एक लवंग निवडायची आणि त्याच्या टेबलावर ठेवायची. तोंडाने काही नाही. आमच्या कचेरीत 'लवंग मिळाली' म्हणजे दरबारात शालजोडी मिळाली. नकलनविसाला मिळाली, शिपायाला मिळाली, पाणक्यालासुद्धा मिळाली. मला नाही. मी दौती भरताना मुद्दाम त्यांच्या टेबलाजवळून तीनतीनदा जाई. डबी मिटलेलीच.

मला त्याचं फार वाईट वाटे. कारण त्या कचेरीत एक दडलेलं रत्न आहे आणि ते मी आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अशात मोजणीदाराची जागा रिकामी व्हायची चिन्हं दिसू लागली.

आमचे मोजणीदार म्हणजे काय थाट सांगू! जरीचा फेटा, कानापर्यंत गेलेल्या मिशा, आणि चालणं असं की शेत स्वतःच बाजूला सरकून वाट देईल. त्यांचा नकाशा कधी चुकत नसे. "माझ्या नकाशात बोटभर चूक दाखवा, मिशा उतरवून तुमच्या टेबलावर ठेवतो," हे ते आठवड्यातून दोनदा म्हणत. सगळ्या मुलखात चूक सापडलेली नव्हती. म्हणून वरच्यांनी त्यांना बढती देऊन वर घ्यायचं ठरवलं, आणि त्यांच्या जागेसाठी शिरस्तेदारांकडे नाव मागितलं.

इच्छुक दोन. एक मोजणीदारांचा मेहुणा. केसांना वासाचं तेल लावणारा, खिडकीच्या काचेत भांग पाहणारा. दुसरा मी. तिसरा कोणी असेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

शिरस्तेदारांनी आम्हा दोघांची परीक्षा लावली. वेल्ह्याजवळ, तोरण्याच्या पायथ्याला एक शेत होतं. मोजणीदारांनी ते आदल्या वर्षी मोजलेलं. त्यांचा नकाशा शिरस्तेदारांनी पाकिटात घालून लाखेने बंद केला आणि आम्हाला सांगितलं, तेच शेत दोघांनी वेगवेगळं मोजून आणा.

मोजणी तेव्हा लोखंडी साखळीने होई. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळी ओढायला एरवी खंडू असायचा. वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातला, उंच, काटक माणूस. पंधरा वर्षं मोजणीदारांच्या पुढे साखळीचं टोक धरून चालत होता. कचेरीच्या हजेरीत त्याचं नाव सगळ्यात शेवटी, आणि मी लागल्यापासून पहिल्या वर्षात त्याचा आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. नेमका त्या आठवड्यात त्याचा भाऊ तापाने आजारी होता, म्हणून तो रजेवर. मग कचेरीची ती एकच साखळी आम्ही पाळीपाळीने ओढली. पुस्तकात लिहिलं होतं, साखळी ताठ असावी. मी इतकी ताठ ओढली की तळहाताची सालं निघाली. मेहुण्याने माझ्यापेक्षा ताठ ओढली.

परत आल्यावर आम्ही आकडे ताडून पाहिले, तर काय! दोघांचे आकडे अगदी सारखे. आम्ही एकमेकांना मिठी मारली. वासाचं तेल माझ्या कोटाला लागलं, तरी मी काही बोललो नाही.

शिरस्तेदारांनी पाकीट फोडलं. मोजणीदारांच्या नकाशापेक्षा आमचं शेत लहान भरत होतं. दोघांचंही, तेवढंच लहान.

आणि आमच्या मागोमाग त्या शेताचा मालक वेल्ह्याहून चालत येऊन दारात उभा होता. "साहेब, जमीन आटली व्हय?" तो म्हणाला. "गेल्या साली नांगराची दोन तासं जास्तीची भरली व्हती. ह्या दोगांनी मोजली आन् गेली. पानी आटतं, जमीन आटती का?"

मोजणीदारांनी मिशीला पीळ दिला. "पोरं आहेत. मोजणी हातात असावी लागते."

"दोन माणसं चुकली तर वेगवेगळी चुकतात," शिरस्तेदार मफलरात पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेला आनंद होता. त्यांनी मोजणीदारांना काही विचारलं नाही, आम्हाला तर नाहीच. शेतकऱ्याला विचारलं, "गेल्या वर्षी साखळी कोण ओढत होता?"

"त्यो उंच दादा. धनगरवाड्यातला."

"कशी ओढत होता?"

"लाडानं, साहेब. म्हशीचं दावं धरावं तशी."

"आणि हे दोघे?"

"ह्यांनी? बैल पळून चाललाय म्हनून वढली!"

खंडू रजेवरून आला त्या दिवशी शिरस्तेदारांनी त्याला बोलावलं. "यांची मोजणी कमी का आली?" खंडूने एकवार आमच्याकडे पाहिलं. "ताणून वढली आसंल," एवढंच म्हणाला.

"ताणून ओढली तर कमी का यावी?"

खंडूने मोजणीदारांच्या मिशांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. शिरस्तेदारांनी एक लवंग स्वतःच्या तोंडात टाकली आणि म्हणाले, "बरं. जा."

चारच दिवसांवर खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्या कचेरीत हत्यारांची पूजा होई, आणि आमचं हत्यार म्हणजे साखळी. पितळी परातीत तिचं वेटोळं ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. ही पहिल्यापासूनची साखळी, कचेरी निघाली तेव्हाची, शुभाची. म्हणून ती कधी बदलली नव्हती. सगळ्या मुलखाची जमीन तिने मोजली होती आणि दरवर्षी आम्ही तिच्या पाया पडत होतो.

आरती झाली. शिरस्तेदार नकलनविसाच्या खिडकीशी गेले आणि बाहेर बोट दाखवून म्हणाले, "अंगणातले ते दोन दगड कशाचे हो?"

ते दोन चौकोनी दगड अंगणात पुरलेले होते. एकावर बसून मी दोन वर्षं डबा खाल्ला होता. दुसऱ्यावर पाणक्या घागर ठेवी.

"साखळीचे," नकलनवीस म्हणाला. "मी लागलो तेव्हा जुने साहेब दरवर्षी साखळी त्यांच्यामध्ये पसरून बघत. या दगडापासून त्या दगडावरच्या रेघेपर्यंत बरोबर एक साखळी. पुढे त्यांच्या जागी दुसरे आले. ते पूजा करू लागले."

सगळी कचेरी अंगणात आली. मी दगडावर उभा राहून बघत होतो. "उमेदवार, दगडावरून उतर," शिरस्तेदार म्हणाले.

माळ घातलेली साखळी पसरली. ताणली. दुसऱ्या दगडावरची रेघ ओलांडून ती पुढे गेली. शिरस्तेदारांनी उकिडवं बसून बोटं लावली. चार बोटं!

वर्षानुवर्षं खडकातून ओढून कड्या झिजल्या होत्या, फाकल्या होत्या. साखळी लांब झाली होती. लांब साखळी ताठ धरली की शेत कमी भरणारच. साखळीने आम्ही जग मोजलं, साखळी कोणी मोजली नाही.

"खंडू," शिरस्तेदार उठत म्हणाले, "कधीपासून?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "सात वर्सं झाली असत्याल, साहेब. आदी येक बोट वाडली. मंग दोन. जेवडी वाडंल तेवडी म्या ढिली सोडतुय. चार बोटं ढिली धरली की बरुबर बसती."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"कुनी इचारलं न्हाई." मग मोजणीदारांकडे बघून हळूच म्हणाला, "आन् साहेबांनी मिशांची पैज लावल्याली. म्हनलं, मिशा जात्याल."

अंगणात असा हशा उसळला की शेजारच्या घरातल्या बायका कुंपणाशी आल्या. मोजणीदार लाल झाले. शिरस्तेदार म्हणाले, "हसू नका कोणी. नकाशे बरोबरच आहेत. मिशा तुमच्याच आहेत, रावसाहेब. फक्त सात वर्षं त्या याने राखल्या."

मोजणीदार मोठे नाटकी गृहस्थ, पण मनाने हलके नव्हते. ते पुढे झाले, साखळीवरची झेंडूची माळ उचलली आणि खंडूच्या गळ्यात घातली. खंडूला पळून जावंसं वाटत होतं, पण मागे परात होती.

"मोजणीदाराच्या जागेसाठी नाव याचं जाईल," शिरस्तेदार म्हणाले.

मेहुण्याचा आवाज चिरकला. "त्याला लिहिता तरी येतं का? पौषात वरचे साहेब परीक्षा घ्यायला येणार आहेत!"

"पौषापर्यंत येईल. उमेदवार शिकवेल."

मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. "साहेब, मग माझं काय?"

"तुला विचारलं नाही," ते म्हणाले आणि डबी मिटली.

मेहुण्याने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की खंडू नापास झाला की जागा आपलीच, आणि जागा मिळाली की पहिलं काम खंडूला घरी पाठवायचं. "मला बोलका साखळीवाला नको." म्हणजे खंडूपुढे दोनच वाटा होत्या. एकतर मोजणीदार, नाहीतर परत वरच्या वाड्यावर भावाच्या शेळ्यांमागे. आणि दोहोंच्या मध्ये मी!

शिकवणी दुपारी, अंगणातल्या दगडांवर. पहिल्या दिवशी मी पाटीवर एका जुन्या मोजणीचे आकडे आणि नावं लिहिली आणि पाटी खंडूकडे फिरवली. त्याला एकही वाचता येईना. मी मनात म्हटलं, संपलं. पाटी परत माझ्याकडे वळवली, तर तो समोरून घडाघडा वाचू लागला! सर्व्हे नंबर, गुंठे, आणे, शेतकऱ्यांची नावंसुद्धा.

"हे काय रे?"

"पंधरा वर्सं साहेबांच्या म्होरं हुबा ऱ्हायलो. कागूद कायम त्येंच्या बाजूला. म्या हिकडनं बगायचो."

माणूस समोर उभा राहून उलटा वाचायला शिकला होता! त्याला सुलट करायला मी दीड महिना झटलो. त्याला कागदाच्या माझ्या बाजूला बसवलं की त्याची अवस्था पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी होई. लिहायला दिलं तर अक्षर सुरेख, पण उलटं. समोर बसलेल्याला सुलट दिसणारं.

आता एक कबूल करतो, आणि हे मी घरातही फारसं सांगत नाही. एक दिवस मला राग आला. रत्न मी, आणि घासतोय मी दुसऱ्यालाच. त्या दिवशी मी त्याला गुंठे काढायची रीत मुद्दाम चुकीची शिकवली. तो मुकाट्याने घोकून गेला. दुसऱ्या दिवशी दगडावर येऊन बसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी काल सांगितलं त्ये जमिनीवर बसत न्हाई. सकाळी जाऊन बगितलं. माजंच कुटंतरी चुकलं असंल. पुन्हा सांगा."

'माजंच चुकलं असंल.' आणि 'मास्तर'! मला तोपर्यंत कोणी मास्तर म्हटलेलं नव्हतं. मी इतका ओशाळलो की ती रीत मी त्याला तीन तऱ्हांनी शिकवली, एक तर गोष्ट रचून. दोन शेजारी, एक बांध आणि एक म्हैस अशी ती गोष्ट. पाणक्या घागर खाली ठेवून ऐकत उभा राहिला. शिपाई दार सोडून आला. खिडकीत नकलनवीस. आणि त्याच्या मागे, मला दिसलं, लोकरी मफलर.

पौषात वरचे साहेब आले. माणूस आपल्यातलाच, पण बूट विलायती आणि मान एका बाजूला जरा कललेली. त्यांनी मोजणीचे आकडे खंडूपुढे टाकले. "काढ नकाशा."

मी दारातून बघत होतो. खंडूने कोरा कागद घेतला. छापील शीर्षकाची बाजू आपल्याकडे ओढली. उलटा कागद!

"उलटा धरलाय!" मेहुणा मोठ्याने हसला. साहेबांनी भुवया चढवल्या. "अहो शिरस्तेदार, हा कोण आणलात? याला कागदाचं शेंडा-बूड कळत नाही."

खंडूची पेन्सिल थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मान हलवून सांगितलं, चालू दे.

"साहेब," शिरस्तेदार शांतपणे म्हणाले, "आपण नुसते समोर बसून राहावं."

पेन्सिल चालू लागली. बांध उमटला, ओढा उमटला, तोरण्याकडची उतरती बाजू, कोपऱ्यातला आंबा, सर्व्हे नंबर. आणि सगळं साहेबांकडे तोंड करून! समोर बसल्या बसल्या साहेबांच्या पुढ्यात सुलट नकाशा उगवत होता. साहेब आधी मागे टेकून बसले होते, ते पुढे झाले. मग त्यांनी आकडे ताडले. मग मानेवर हात फिरवला.

"बावीस वर्षं," ते म्हणाले, "मोजणीदार माझ्यासमोर बसून नकाशे काढतात, आणि मी वाकडी मान करून वाचतो. या मानेला औषध लागू पडत नाही ते का, हे आज कळलं. साहेबाच्या बाजूने नकाशा काढणारा हा पहिला माणूस! याला कोणी सुलट करू नका."

खंडू मोजणीदार झाला. टेबल मिळालं. त्यावर पहिल्या सकाळी एक लवंग ठेवलेली होती. मेहुण्याला पुढे कापडाच्या दुकानात जागा मिळाली आणि तिथं त्याचा भांग फार उपयोगी पडला म्हणतात.

आठवड्याने माझ्या हातात एक कागद पडला. किकवीच्या शाळेत मास्तरची जागा होती आणि माझ्या नावाची शिफारस गेली होती. मी तावातावाने शिरस्तेदारांपुढे उभा राहिलो. "साहेब, मला न विचारता?"

"टांगेवाल्याला विचारलं होतं," ते म्हणाले.

त्या शाळेत मी वीस वर्षं काढली, आणि एकही दिवस मला बिनपगारी वाटला नाही, यापेक्षा जास्त सांगत नाही.

शिरस्तेदार मात्र शेवटपर्यंत शिरस्तेदारच राहिले. वरच्या जागेसाठी वरच्यांनी दर वेळी त्यांनाच विचारलं, तुमचं काम कसं आहे. आणि ते दर वेळी म्हणाले, शेजारच्याला विचारा. वरच्यांनी विचारलं नाही.

पेन्शनीनंतर ते भोरात नदीकडच्या आपल्या घरी राहू लागले. मी सुट्टीत गेलो होतो, तेव्हा परसात गर्दी. शेजाऱ्याने तक्रार केली होती की शिरस्तेदारांचं कुंपण आपल्या जागेत आलंय, आणि मोजायला आला होता खंडू. केस पिकलेले, अंगात कोट, हातात नवी साखळी.

"हे कुंपण माझ्या वडिलांपासून—" शिरस्तेदारांनी सुरुवात केली.

"तुमाला न्हाई इचारलं, साहेब," खंडू अदबीने म्हणाला. "तुमाला त्ये पाठ आसनार." आणि तो पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या काकूंकडे वळला. "काकू, कुंपण कवा हाललं?"

काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "जास्वंद लावली त्या साली. यांनीच सरकवलं. मी तेव्हाच म्हटलं होतं."

खंडूने साखळी पसरली, चार बोटं ढिली न धरता, बरोबर ताठ. "दोन हात, साहेब. तुमीच आत गेलाय."

"याला तुम्ही मोठा केलात!" काकू फणकारल्या.

शिरस्तेदार हसत होते. इतके हसले की मफलर सुटून पायांत आला. डोळे पुसत त्यांनी डबी काढली, उघडली आणि लवंग खंडूच्या तळहातावर ठेवली.

बावीस वर्षं मी थांबलो होतो. मला राहवलं नाही. "आणि साहेब, माझी?"

त्यांनी डबी उपडी करून दाखवली. रिकामी. ती शेवटचीच होती.

खंडूने माझ्याकडे पाहिलं. मग लवंग दोन बोटांत धरून कट्कन मोडली आणि एक तुकडा मला दिला. मी तो तोंडात टाकण्याआधी नीट निरखून पाहिला. वरचं फुलाचं टोक आणि देठाचा मोठा भाग माझ्या वाट्याला आला होता. त्याने स्वतःकडे ठेवलं होतं ते एवढंसं बूड.

आयुष्यभर केसभर न चुकलेला माणूस मधोमध मोडायला चुकला, असं काकूंना वाटलं. शिरस्तेदारांना वाटलं नाही, मला तर नाहीच. माझ्या बाजूला त्याने साखळी जरा ढिली सोडली होती.